सरड्याची धाव आणि काचेचं कुंपण

'सरड्याची धाव कुंपणापर्यंत' ही म्हण आपण सगळ्यांनीच शाळेत 'अर्थ सांगा' मध्ये दोन मार्कांसाठी लिहिली आहे. एखाद्याची कुवत किती, हे हिणवून सांगायला ती वापरतात. पण जरा विचार केला तर यात सरड्याचा काय दोष? कुंपण त्याने घातलेलं नाही. ते कुठे घालायचं, कशाचं घालायचं, किती उंच घालायचं, हे दुसऱ्याच कुणीतरी ठरवलं. या विकांताचा लेख त्या 'दुसऱ्या कुणीतरी'बद्दल आहे. म्हणजे सरड्याला पेटीत ठेवणाऱ्या माणसाबद्दल, आणि ती पेटी गेल्या साडेतीनशे वर्षांत कशी बदलत गेली त्याबद्दल.

विषय जरा विचित्र आहे, मान्य. त्याला कारण न्यू जर्सीतला माझा एक मित्र. त्याने मुलीच्या वाढदिवसाला शॅमेलिऑन आणला. दुकानदाराने 'कम्प्लीट पॅकेज' गळ्यात मारलं: सुबक काचेची पेटी, वरून एक पिवळा बल्ब, एक वाळकी फांदी आणि पाण्याची वाटी. सहा महिन्यांनी त्या बिचाऱ्याचे पुढचे पाय धनुष्यासारखे वाकले. फांदी धरता येईना. डॉक्टर म्हणाले, हाडं मऊ पडली आहेत, फार उशीर झाला. पोरगी आठवडाभर जेवली नाही धड. आता तिला दुसरा हवा आहे, आणि मित्राचा एका ओळीचा ईमेल आला: "काच की जाळी? तू वाचत बसतोस ना असलं काहीतरी, सांग."

एका ओळीच्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मी सतराव्या शतकात जाऊन पोचलो. असो.

आधी एक खुलासा. आपल्या बागेत दगडावर बसून मान डोलावणारा, गळा लालभडक करणारा सरडा म्हणजे शॅमेलिऑन नव्हे. खरा शॅमेलिऑन म्हणजे आपल्याकडचा घोयरा. डोळे दोन दिशांना वेगवेगळे फिरणारे, पायांची बोटं चिमट्यासारखी, शेपटी गुंडाळलेली आणि जीभ अंगापेक्षा लांब. जगात याच्या दोनशेहून जास्त जाती आहेत, त्यातल्या जवळजवळ निम्म्या एकट्या मादागास्करमध्ये. भारतात मात्र एकच.

हवा खाऊन जगणारा प्राणी

अॅरिस्टॉटलने या प्राण्याचं वर्णन फार बारकाईने केलंय. डोळे कसे फिरतात, बोटं कशी विभागलेली आहेत, आणि चिरल्यावरसुद्धा तो बराच वेळ श्वास घेत राहतो, इथपर्यंत. पुढे पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनी आला आणि त्याने लिहून टाकलं की हा प्राणी काही खात नाही, पीत नाही, फक्त हवेवर जगतो. झालं! पुढची दीड हजार वर्षं युरोपातली शिकलेली माणसं हे खरं मानून चालली. शेक्सपिअरच्या हॅम्लेटच्या तोंडीसुद्धा या समजुतीवर बेतलेला टोमणा आहे. इंग्लंडमध्ये टॉमस ब्राऊन या डॉक्टरने १६४६ साली लोकांच्या खुळचट समजुतींवर एक जाडजूड पुस्तक लिहिलं. त्यात त्याने साधा प्रश्न विचारला: या प्राण्याला दात आहेत, पोट आहे, एवढी लांब जीभ आहे, मग हे सगळं काय हवा खायला दिलंय?

पण प्लिनीला नुसतं हसून चालणार नाही. त्याची चूक का झाली असेल हे बघण्यासारखं आहे. शॅमेलिऑन थंड रक्ताचा. त्याला लागणारी ऊर्जा फार थोडी. त्यामुळे तो बरेच दिवस उपाशी राहू शकतो आणि तरी वरून ठीकठाक दिसतो. उपाशी मरायलाही त्याला वेळ लागतो हो! म्हणजे पहिल्या आठवड्यात बघणाऱ्याला वाटणार, बघा, काही खात नाही आणि मजेत आहे.

आपल्या भाषेत सांगायचं तर हा मेमरी लीक आहे. प्रोग्रॅम पहिल्या दिवशी झकास चालतो, डेमो मस्त होतो, क्लायंट खूष. तीन महिन्यांनी रात्री दोन वाजता सर्व्हर झोपतो, आणि तोपर्यंत ती ओळ कुणी लिहिली होती हेच कुणाला आठवत नसतं. कारण आणि परिणाम यांच्यात एवढं अंतर पडलं की माणूस भलत्याच गोष्टीला दोष देतो. या लेखातली पुढची सगळी कथा या एका वाक्याभोवती फिरते, म्हणून ते लक्षात ठेवा.

१६६९ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीतल्या क्लोद पेरो याने शॅमेलिऑनच्या चिरफाडीचं सविस्तर वर्णन छापलं. हा क्लोद म्हणजे 'सिंड्रेला' लिहिणाऱ्या शार्ल पेरोचा सख्खा भाऊ. डॉक्टर आणि वर वास्तुकारही. त्यानंतर थोड्याच वर्षांत पॅरिसमधल्या मादलेन द स्क्युदेरी या गाजलेल्या लेखिकेला अलेक्झांड्रियाहून दोन शॅमेलिऑन भेट आले. बाईंनी ते घरात ठेवले, जपले आणि पुढे त्यांच्यावर लिहिलंसुद्धा. बाईंना त्यांचं कौतुक मनापासून होतं. पण इजिप्तच्या उन्हातला प्राणी पॅरिसच्या हिवाळ्यात ठेवायचा म्हणजे काय काय करावं लागेल, हे सांगणारं ज्ञान तेव्हा कुणाकडेच नव्हतं. प्रेम होतं, स्पेसिफिकेशन नव्हतं.

काचेचं वेड

आता गाडी लंडनला. १८२९ साली नॅथॅनिएल वॉर्ड नावाच्या डॉक्टरने एका झाकणबंद बाटलीत ओल्या मातीवर पतंगाचा कोष ठेवला होता. पतंगाचं राहिलं बाजूला, त्या मातीत एक नेचा उगवला आणि गवताचं पातं. बाहेर लंडनचा कोळशाचा धूर नेच्यांना जगू देत नव्हता आणि बाटलीत ते मजेत वाढत होते. पाण्याची वाफ व्हायची, काचेवर थेंब जमायचे, परत मातीत झिरपायचे. वॉर्डने यावरून बंदिस्त काचेच्या पेट्या बनवल्या. १८३३ साली अशा पेट्यांतून रोपं जहाजाने थेट सिडनीला गेली आणि जिवंत पोचली.

हा शोध केवढा मोठा होता हे आपल्या चहाच्या कपाला विचारा. रॉबर्ट फॉर्च्यूनने चीनमधून चहाची रोपं हिमालयाच्या पायथ्याशी आणली ती वॉर्डच्याच पेट्यांतून. साल १८४८ ते १८५१.

त्यात १८४५ साली ब्रिटनमध्ये काचेवरचा कर रद्द झाला आणि काच स्वस्त झाली. १८५१ चा क्रिस्टल पॅलेस तर अख्खाच काचेचा. लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने १८४९ साली सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी खास घर उघडलं, जगातलं असं पहिलंच. १८५३ साली तिथेच मत्स्यघर आलं. १८५४ मध्ये फिलिप गॉसचं मत्स्यालयांवरचं पुस्तक निघालं आणि दिवाणखान्यात काचेची पेटी असणं ही मध्यमवर्गाची फॅशन झाली.

इथे नीट बघा काय झालं. नेच्याला ओलावा कोंडलेला हवा असतो, त्याला बंद काच योग्य. माशाला पाणी अडवून धरायला हवं, त्यालाही काच योग्य. मग तीच पेटी पाणी काढून सरड्याला दिली. का? तयार होती म्हणून. आणि मुख्य म्हणजे, बाहेरून छान दिसतं म्हणून! एका प्रोजेक्टचा कोड दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये कॉपी-पेस्ट करणाऱ्यांनी इथे हसू नये. :)

शॅमेलिऑन झाडावरचा प्राणी. त्याच्या भोवती वारा खेळता असतो. बंद काचेत हवा कोंदट होते, ओल साचते, बुरशी धरते आणि त्याची छाती भरते. तो वाटीतलं साचलेलं पाणी सहसा ओळखतच नाही. पानावरचे थेंब चाटून पितो. म्हणजे पाण्याने भरलेल्या वाटीशेजारी तो तहानेने वाळू शकतो. शिवाय हा एकलकोंडा प्राणी. दुसरा शॅमेलिऑन दिसला की त्याला तो शत्रू वाटतो, आणि काचेत स्वतःचंच प्रतिबिंब दिसलं तरी तो तेच समजू शकतो. विचार करा, चोवीस तास शत्रू समोर उभा आणि पळायला जागा नाही.

काचेच्या पेटीची मागणी करणारा युजर कोण होता? बाहेर खुर्चीत बसलेला माणूस. आत राहणाऱ्याला कुणी रिक्वायरमेंट विचारलीच नव्हती.

न दिसणारा उजेड

काचेचा सगळ्यात मोठा दोष मात्र माणसांच्या पोरांमुळे कळला. धुराने काळवंडलेल्या औद्योगिक शहरांतल्या मुलांना मुडदूस व्हायचा. पाय वाकायचे, छातीच्या फासळ्या वेड्यावाकड्या व्हायच्या. १९१९ साली बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की या डॉक्टरने अशा मुलांना अतिनील किरणांच्या दिव्याखाली बसवलं आणि एक्स-रे मध्ये हाडं सुधारताना दाखवली. पुढच्या काही वर्षांत ड जीवनसत्त्वाची गोष्ट उलगडली. सूर्यप्रकाशातला अतिनील ब हा पट्टा कातडीवर पडला की शरीर ड जीवनसत्त्व बनवतं, आणि ते असलं तरच अन्नातला कॅल्शियम अंगी लागतो.

आणि खिडकीची साधी काच हा पट्टा जवळजवळ पूर्ण अडवते. डोळ्याला दिसणारा उजेड येतो, ऊब येते, हाडांना लागणारं तेवढं बाहेर राहतं. पाहुण्यांना दारात थांबवून फक्त त्यांच्या बॅगा घरात घेण्यासारखं.

इथे या कथेतली माझी सगळ्यात आवडती व्यक्ती येते. जोन प्रॉक्टर. जन्म १८९७ चा. शाळेत असताना ही मुलगी छोटी मगर घेऊन वर्गात आली होती! तब्येत लहानपणापासून नाजूक, आतड्याचं जुनं दुखणं, त्यामुळे विद्यापीठाचं शिक्षण राहिलं. तरी १९२३ साली ती लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सरपटणाऱ्या प्राण्यांची प्रमुख झाली, आणि १९२७ साली तिच्या कल्पनेतून उभं राहिलेलं नवं रेप्टाइल हाऊस उघडलं.

प्रॉक्टरबाईंचं वेगळेपण असं, की त्यांनी इमारतीचा विचार आतून बाहेर केला. सगळ्या हॉलला एकच ऊब देण्याऐवजी वेगवेगळ्या भागांना वेगवेगळी, विजेवर चालणारी ऊब. त्या काळी अतिनील किरण आत सोडणारी 'व्हिटा ग्लास' नावाची खास काच नुकतीच निघाली होती, ती त्यांनी वापरली. बघणाऱ्यांचा हॉल अंधारा ठेवला आणि उजेड प्राण्यांच्या बाजूला दिला. म्हणजे बघणाऱ्याला चांगलं दिसलं, पण राहणाऱ्याच्या जिवावर नाही. इंडोनेशियाहून आलेला 'सुम्बावा' नावाचा कोमोडो ड्रॅगन तर त्यांच्याबरोबर पाळीव कुत्र्यासारखा फिरायचा. बाई १९३१ साली गेल्या, जेमतेम चौतीसाव्या वर्षी. त्यांची इमारत मात्र जवळजवळ शंभर वर्षं वापरात राहिली; २०२४ साली तिथल्या प्राण्यांसाठी नवं घर उघडलं.

आता मित्राच्या मुलीच्या शॅमेलिऑनकडे परत बघा. काचेची पेटी, पिवळा बल्ब. बल्बने ऊब दिली, अतिनील ब दिले नाहीत. खायला दुकानातले रातकिडे, ज्यांच्यात मुळात कॅल्शियम कमी. मग शरीराने आपल्याच हाडांतला कॅल्शियम काढून रक्ताला पुरवला. रोज थोडा थोडा. वरून सगळं ठीक दिसत होतं. मेमरी लीक. १९२० च्या दशकात लंडनमध्ये जे माहीत होतं ते शंभर वर्षांनी त्या दुकानात पोचलेलं नव्हतं. याला काय म्हणायचं तुम्हीच ठरवा.

आणि कुंपणच नसेल तर?

कुणी म्हणेल, कशाला हवी पेटी, सोडून द्या बागेत. तेही झालंय. १९७२ साली हवाईच्या ओआहू बेटावर एका पाळीव प्राण्यांच्या दुकानदाराने केनियाहून काही डझन 'जॅक्सन्स शॅमेलिऑन' मागवले. हे तीन शिंगांचे, छोट्या डायनोसॉरसारखे दिसणारे. प्रवासाने ते वाळून गेले होते, म्हणून ताजेतवाने व्हावेत या चांगल्या हेतूने त्याने ते आपल्या बागेत सोडले. ते ताजेतवाने झाले आणि निघून गेले! ओआहूची दमट हवा त्यांना मानवली. आज त्यांची प्रजा हवाईच्या अनेक बेटांवर आहे, आणि त्यांच्या पोटात तिथल्या दुर्मिळ स्थानिक गोगलगायी सापडल्या आहेत. तिथे आता त्यांना एका बेटावरून दुसऱ्या बेटावर नेणंही बेकायदा आहे.

म्हणजे कुंपण दोन्ही बाजूंनी राखण करतं. आतल्याची बाहेरच्यापासून आणि बाहेरच्यांची आतल्यापासून.

तर मग, काच की जाळी?

विसाव्या शतकाच्या शेवटाकडे शॅमेलिऑन पाळणारे लोक हळूहळू जाळीच्या उभ्या पिंजऱ्यांकडे वळले, आणि १९९० च्या दशकात अतिनील ब देणाऱ्या खास ट्यूबलाइट दुकानांत मिळू लागल्या. तरी एक प्रश्न उरलाच. अतिनील किरण द्यायचे, पण किती? कमी पडले तर हाडं जातात, जास्त झाले तर डोळे आणि कातडी.

याचं सगळ्यात सुंदर उत्तर २००९ साली अमेरिकेतल्या कार्स्टन, फर्ग्युसन आणि सहकाऱ्यांनी छापलं. त्यांनी पॅन्थर शॅमेलिऑनना वेगवेगळ्या प्रमाणात ड जीवनसत्त्व असलेला आहार दिला आणि मग अतिनील प्रकाशात किती बसायचं हे त्यांच्यावर सोडलं. ज्यांच्या आहारात ड कमी, ते स्वतःहून जास्त वेळ प्रकाशात बसले. ज्यांना अन्नातून भरपूर मिळत होतं, ते कमी बसले. म्हणजे हिशोब त्या प्राण्याला येतो! अडीच हजार वर्षं माणूस ठरवत होता की याला काय लागतं, आणि उत्तर होतं की त्यालाच निवडू द्या. फक्त निवडायला आत काहीतरी ठेवा.

हे वाचल्यावर मी मित्राला उत्तर लिहायला घेतलं. एका ओळीचं नाही झालं. थोडक्यात असं:

पेटी आडवी नको, उभी घे. मोठ्या झालेल्या व्हेल्ड किंवा पॅन्थर शॅमेलिऑनला दोन फूट लांब, दोन फूट रुंद, चार फूट उंच, हे आजचं सर्वसाधारण माप आहे. जमिनीवर ठेवू नकोस. त्याची वरची फांदी तुझ्या डोक्याच्या वर यायला हवी. वरून बघणारा प्रत्येक जण त्याच्या दृष्टीने ससाणा असतो.

वर एका कोपऱ्यात ऊब आणि अतिनील ब ची ट्यूब, आणि खाली दाट सावली. मध्ये वेगवेगळ्या जाडीच्या, आडव्या-तिरक्या फांद्या, म्हणजे त्याला ऊन किती आणि सावली किती हे चालत जाऊन ठरवता येईल. जाळीसुद्धा थोडे किरण अडवते, म्हणून ट्यूबचं अंतर मीटरने मोज, अंदाजाने नको. आणि ती ट्यूब उजेड देत राहते तरी तिचे अतिनील किरण काळाने कमी होतात, तेव्हा कॅलेंडरवर तारीख लिहून ठेव.

खरी झाडं लाव. मनीप्लांट चालतो, जास्वंद चालते. लपायला जागा हवी. तो दिवसभर दिसला नाही तर पैसे वाया गेले असं समजू नकोस, पिंजरा बरोबर जमलाय असं समज. पाणी पानांवर शिंपड, आणि महादेवाच्या पिंडीवर असते तशी थेंब थेंब गळती लाव.

राहता राहिलं काच की जाळी. तुमच्याकडे हिवाळ्यात हीटर लावून घराची हवा पापडासारखी कोरडी होते. नुसत्या जाळीत ओलावा टिकणार नाही. म्हणून जाळीचाच पिंजरा, पण तीन बाजूंना प्लास्टिकचा पडदा; खालून हवा आत, वरून बाहेर. हवाईत राहत असतास तर नुसती जाळी पुरली असती. युरोपातले अनुभवी लोक थंड घरांत हवेशीर झरोके असलेली काचेची पेटीही नीट वापरतात. म्हणजे काच वाईट नाही, विचार न करता घेतलेली काच वाईट.

आणि जंगलातून पकडलेला घेऊ नकोस, पिंजऱ्यातच जन्मलेला घे. शॅमेलिऑनच्या बहुतेक जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९७७ पासून नियंत्रण आहे, आणि मादागास्करमधून १९९५ साली चार जाती सोडून बाकी सगळ्यांची निर्यात थांबवली गेली. ते उगाच नाही.

पुण्या-मुंबईतल्या मंडळींसाठी वेगळं. इथे घोयरा पाळायचा विचारसुद्धा नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण दिलंय. पकडणं, पाळणं, विकणं सगळं गुन्हा. परदेशी जातींसाठीही २०२२ ची कायदादुरुस्ती आणि २०२४ च्या नियमांनुसार सरकारकडे नोंदणी लागते. कुणी 'चालतं हो साहेब' म्हणून डब्यात घालून देत असेल तर त्याला नमस्कार करून बाहेर पडा.

घोयरा बघायचाच असेल तर पावसाळ्यात आणि त्यानंतर एखाद्या माळरानाकडेच्या झुडपांत, जाणकाराला बरोबर घेऊन शोधा. वेळ लागेल. हिरव्या पानांत हिरवा, मागे-पुढे झोके घेत चालणारा, एक डोळा तुमच्यावर आणि एक माशीवर. तिथे त्याला ऊन हवं असेल तर तो एक फांदी वर चढतो, नको असेल तर एक फांदी खाली उतरतो. चांगल्या पिंजऱ्याचं स्पेसिफिकेशन एवढंच आहे.